परसातली कोंबडी आणि चार्ल्स डार्विन

परसात दहा-बारा अंड्यावरच्या कोंबड्या ठेवायच्या तर कोणती जात घ्यावी, हा प्रश्न वणी, नांदुरी, अभोणा, सुरगाणा या पट्ट्यात गावोगाव विचारला जातो. उत्तर म्हणून गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया, कडकनाथ अशी नावे सांगून मोकळे होता येते. परंतु चांगली जात आणूनसुद्धा दोन-तीन वर्षांत परसात पुन्हा पहिल्यासारख्याच बारक्या, कमी अंड्यांच्या कोंबड्या का फिरू लागतात, हे त्या नावांच्या यादीत सापडत नाही. त्याचे उत्तर शोधायला ज्यांनी सुरुवात केली ते चार्ल्स डार्विन. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच, एवढेच त्यांच्याविषयी बहुतेकांना शाळेतले आठवते. पण या गृहस्थांनी कित्येक वर्षे कबुतरे, कोंबड्या, बदके व ससे जमवण्यात आणि त्यांची हाडे मोजण्यात घालवली, हे फारसे कुणी सांगत नाही. शेतकरी बंधू-भगिनींना ते उपयोगी पडेल म्हणून त्यांच्या आयुष्याची ही माहिती.

डॉक्टरकी सोडली, जहाज धरले

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नावाजलेले डॉक्टर. घरची परिस्थिती उत्तम. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई वारली. पुढे थोरल्या बहिणींनी त्याचा सांभाळ केला. मुलाने आपल्यासारखे डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला १८२५ साली एडिंबरोला पाठवले. त्या काळी भूल देण्याचे औषध निघालेले नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचे हाल पाहून पोराला तिथे थांबवेना. दोन वर्षांत डॉक्टरकी सुटली. मग पाद्री तरी व्हावे म्हणून केंब्रिजला घातले, तर तिथे याला भुंगेरे गोळा करण्याचा नाद लागला. पोरगं हातचं गेलं, अशीच वडिलांची समजूत झाली.

१८३१ साली बीगल नावाचे सरकारी जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यासाठी निघणार होते. त्यावर जाण्याची संधी २२ वर्षांच्या डार्विनला आली. वडिलांनी साफ नकार दिला. शेवटी मामा मध्ये पडले. मामा जोसाया वेजवुड हे चिनी मातीच्या भांड्यांच्या मोठ्या कारखान्याचे मालक. त्यांनी मेहुण्याची समजूत घातली आणि भाचा जहाजावर चढला. २७ डिसेंबर १८३१ ला निघालेले जहाज २ ऑक्टोबर १८३६ ला परत आले. या जवळपास पाच वर्षांत डार्विन यांनी जंगले, डोंगर, बेटे पाहिली आणि पेट्या भरभरून दगड, झाडे, प्राणी जमवले. जहाज भारताच्या किनाऱ्याला काही लागले नाही. पण पुढे कोंबडीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले ते आपल्याच देशातून.

परत आल्यावर जानेवारी १८३९ मध्ये त्यांचे लग्न झाले. मुलगी मामाचीच, एमा. आपल्याकडे जशी रीत आहे तशीच ही सोयरीक. १८४२ साली लंडनची धावपळ सोडून दोघे केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेले आणि शेवटपर्यंत म्हणजे ४० वर्षे तिथेच राहिले. तब्येत कायम नाजूक. पोट बिघडायचे, उलट्या व्हायच्या, आठवडेच्या आठवडे अंथरुणात जायचे. तरीही घर, बाग, ससे, कबुतरांचे खुराडे आणि पत्रव्यवहार एवढ्यावर त्यांनी जगाचे विचार बदलणारे काम केले.

कोंबडीकडे कसे वळले

प्रवासातून आल्यावर थोड्याच काळात त्यांच्या मनात आले होते की प्राण्यांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसतात, पिढ्यान्‌पिढ्या त्या बदलत जातात. पण पुरावा कुठून आणायचा? निसर्गातला बदल इतका सावकाश होतो की एका माणसाच्या आयुष्यात तो डोळ्याला दिसणे कठीण. तेव्हा त्यांनी सोपा रस्ता धरला. माणूस स्वतः जनावरे पाळतो, त्यातली काही ठेवतो, काही काढून टाकतो. तिथे बदल लवकर दिसतो. म्हणून १८५५ साली त्यांनी घरी कबुतरे पाळायला सुरुवात केली. लंडनमधल्या कबुतरे पाळणाऱ्यांच्या दोन मंडळांत नाव घातले आणि साध्या कामकरी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसले. पुस्तकी विद्वानांना जो फरक दिसत नाही तो या हौशी माणसांना बरोबर दिसतो, हे त्यांनी ओळखले.

आता बघा, हे आपल्याकडेही खरेच आहे. घरातल्या म्हातारीला विचारा. कोणती कोंबडी लवकर अंड्यावर आली, कोणती खुडूक बसली की उठत नाही, कोणती पिलांना घारीपासून सांभाळते आणि कोणती अंडी फोडून खाते, हे तिला तोंडपाठ असते. डार्विन यांच्या मते नवी जात तयार होण्याची सगळी ताकद याच ओळखण्यात आहे. मात्र ओळखल्यावर त्याप्रमाणे ठेवले-काढले पाहिजे.

त्या दिवसांत इंग्लंडमध्ये कोंबड्यांचे वेडच पसरले होते. चीनकडून आलेल्या भल्या मोठ्या कोचीन कोंबड्या राणी व्हिक्टोरियाच्या खुराड्यात गेल्या आणि १८५० च्या आसपास जो तो त्या जातीमागे लागला. प्रदर्शने भरली, एकेका जोडीला भरमसाट किंमत आली आणि काही वर्षांतच भाव कोसळले. असा बाजार आपणही पाहिलेला आहे. इमूचे झाले. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्यात बिचाऱ्या कडकनाथचा काही दोष नव्हता. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली काटक, काळ्या मांसाची चांगली जात आहे. पण अंडी घेण्यासाठी म्हणून ती कुणी घेत असेल तर हिशेब चुकतो, कारण वर्षाला साधारण ८० ते १०० अंडीच ती देते. जातीचे नाव गाजते म्हणून जात घेऊ नये, ती कशासाठी घडवली आहे ते विचारून घ्यावी.

उत्तर आले हिंदुस्थानातून

डार्विन यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. जगभरच्या इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या कोंबड्या एकाच रानपक्ष्यापासून झाल्या की अनेक? आणि झाल्या तर कशा? त्यांनी देशोदेशी पत्रे पाठवून मेलेल्या कोंबड्यांची कातडी आणि हाडे मागवली. मद्रासेतील अधिकारी वॉल्टर इलियट यांनी इकडची कोंबड्या-कबुतरांची कातडी पाठवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ यांनी तर लांबलचक पत्रे लिहून इथल्या रानकोंबड्यांची माहिती दिली. इंग्लंडमध्ये टेगेटमायर नावाचे कोंबड्यांचे जाणकार त्यांच्या मदतीला होते.

रानकोंबड्याच्या चार जाती. पैकी तांबडा रानकोंबडा उत्तर आणि पूर्व भारतापासून ब्रह्मदेश, सयामपर्यंत सापडतो. दुसरा राखी रानकोंबडा, तो आपल्या सह्याद्रीतला. तिसरा सिंहलद्वीपात आणि चौथा जावा बेटाकडे. राखी रानकोंबड्याची नोंद आपल्या दख्खनमध्ये डार्विन यांच्याही आधी झाली होती. कंपनी सरकारचे अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तिच्यात तो आहे.

घाटात पहाटे ओरडणारा हा राखी कोंबडा आपल्या गावठी कोंबडीचा बाप असेल असे कुणालाही वाटेल. डार्विन यांनी ते तपासले. त्याची बांग वेगळी, मानेवरची पिसे वेगळी आणि पाळीव कोंबडीशी संकर केला तर पुढच्या पिढीची अंडी बहुतेक वाया जातात. तांबड्या रानकोंबड्याचे तसे नाही. त्याचा रंग, बांग आणि चालरीत गावठी कोंबडीशी जुळते. म्हणून ब्लाइथ यांच्याप्रमाणेच डार्विन यांनीही निष्कर्ष काढला की पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडाच.

पुढे विज्ञानाने याची शहानिशा केली. २०२० साली ८०० हून अधिक पाळीव व रानकोंबड्यांची जनुके तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तांबडा रानकोंबडाच मूळ ठरला. त्यातली ब्रह्मदेश, थायलंड व दक्षिण चीनच्या बाजूची पोटजात सर्वांत जवळची निघाली. पण एक गोष्ट डार्विन यांच्या नजरेतून निसटली होती. कोंबडीच्या पायाचा व कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो ते जनुक राखी रानकोंबड्याकडून आले आहे, असे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे जगातल्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत या राखी कोंबड्याचाही थोडा अंश आहे. हा पक्षी कायद्याने संरक्षित आहे. त्याला फासे लावणे गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

काळा बाप, पांढरी आई आणि तांबडे पोर

पुराव्यासाठी डार्विन यांनी कोंबड्यांचे संकर करून पाहिले. काळा स्पॅनिश कोंबडा घेतला. या जातीत तांबडे पीस दिसत नाही. तो वेगवेगळ्या जातींच्या कोंबड्यांवर सोडला. बरीचशी पिले काळी निघाली. पण पांढऱ्या रेशमी पिसांच्या कोंबडीपासून झालेला एक कोंबडा मोठा होता होता असा तांबूस, झळाळता झाला की हुबेहूब रानकोंबडाच. बाप काळा, आई पांढरी आणि पोर तांबडे. कैक पिढ्या दडून राहिलेले रानातले रूप संकरामुळे वर आले.

दुसरी गोष्ट तर परसातल्या कोंबडीसाठी त्याहून महत्त्वाची आहे. खुडूक न बसणाऱ्या काही जाती असतात. वर्षानुवर्षे त्यांची अंडी माणसाने उबवली आणि न बसणाऱ्या कोंबड्या निवडल्या. अशा दोन वेगळ्या जातींचा संकर केला तर होणाऱ्या कोंबड्या पुष्कळदा पुन्हा खुडूक बसू लागतात, असे अनेक पाळणाऱ्यांचे अनुभव डार्विन यांनी गोळा करून लिहिले. दोन्ही आया न बसणाऱ्या असताना पोरगी मात्र रवणीवर घट्ट बसते.

आता आपल्याकडे काय होते ते पाहू. सुधारित जातीची पिले आणायची, ती मोठी होऊन गावठी कोंबड्यांत मिसळली की त्यांचीच अंडी रवणीला घालायची. पहिली पिढी बरी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत कुणी उंच, कुणी बुटकी, कुणी खुडूक, कुणी नाही, असा गोंधळ होतो आणि अंडी घटतात. लोक म्हणतात जात बिघडली. जात बिघडलेली नसते. संकराचे पिल्लू हे साखळीतले शेवटचे पिल्लू असते. त्याचे आजी-आजोबा वेगवेगळ्या शुद्ध वाणांतले, ते केंद्रावरच सांभाळले जातात. मक्याच्या संकरित बियाण्याचे घरचे दाणे पेरले तर जे होते तेच इथेही होते.

याचे नेमके गणित डार्विन यांना कधी सुटले नाही. ऑस्ट्रियातल्या एका मठात ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून ते १८६६ साली छापले होते. पण डार्विन यांच्यापर्यंत ते पोचले नाही. १९०० साली मेंडेल यांचे काम पुन्हा उजेडात आले आणि दोनच वर्षांत बेटसन या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या तुऱ्यावर प्रयोग करून तो नियम प्राण्यांतही चालतो हे दाखवले. डार्विन तोवर हयात नव्हते.

घरातले दुःख आणि रक्ताचे नाते

डार्विन दांपत्याला दहा मुले झाली. त्यातली तीन लहानपणीच गेली. १८५१ साली दहा वर्षांची ॲनी वारली. ती वडिलांची फार लाडकी. त्या धक्क्यातून ते कधी पुरते सावरले नाहीत. १८५८ च्या जूनमध्ये धाकटा मुलगा दीड वर्षाचा असताना तांबड्या तापाने गेला. त्याच दिवसांत पूर्वेकडच्या बेटांवरून आल्फ्रेड वॉलेस या संशोधकाचे पत्र आले होते आणि त्यात डार्विन यांच्यासारखाच विचार मांडलेला होता. मित्रांनी दोघांचेही लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या सभेत एकत्र वाचले. पोराला जाऊन तीनच दिवस झाले होते, त्यामुळे डार्विन त्या सभेला गेले नाहीत. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी त्यांचे जातींच्या उत्पत्तीवरचे जगप्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले.

आपण मामाच्या मुलीशी लग्न केले, म्हणून तर मुले नाजूक निपजली नाहीत ना, ही शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिली. पाळीव जनावरांत जवळच्या नात्यात पैदास केल्याचे परिणाम त्यांनी डोळ्याने पाहिले होते. सर जॉन सेब्राइट यांनी तयार केलेल्या सुंदर बुटक्या कोंबड्या वर्षानुवर्षे आपसांतच पैदास करून राखल्या गेल्या होत्या. त्यांच्या वंशातल्या काही कोंबड्या डार्विन यांनी पाहिल्या, तर त्या वर्षी दोन भरल्या रवणींतून एकही पिल्लू निघालेले नव्हते. पुढे अकरा वर्षे त्यांनी झाडांवर प्रयोग केले. स्वतःच्याच परागावर धरलेले बी आणि दुसऱ्या झाडाच्या परागावर धरलेले बी शेजारी शेजारी लावून पाहिले. १८७६ साली निष्कर्ष छापला की बाहेरच्या परागाची रोपे बहुधा उंच व जोमदार होतात. १८७१ च्या खानेसुमारीत नात्यातल्या लग्नांविषयी प्रश्न घालावा अशी खटपट त्यांनी केली, पण पार्लमेंटने ती फेटाळली. नंतर त्यांचा मुलगा जॉर्ज याने आकडे जमवले, तेव्हा माणसांतला परिणाम वडिलांना वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही.

माणसांचे काही असो, कोंबड्यांचे काय? आपल्या वाडी-पाड्यावर एकच कोंबडा तीन-तीन, चार-चार वर्षे असतो. पहिल्या वर्षी त्याच्या मुली होतात, दुसऱ्या वर्षी तोच त्यांच्यावर चालतो, पुढे नातींवर. मग रवणीला बारा अंडी घालावीत तर सहाच फुटतात, पिले पंख टाकून बसतात, पहिल्याच पावसात मरतात. नाव मात्र हवेचे किंवा नजर लागल्याचे होते. यावर औषध फुकटचे आहे. दर वर्षी, फार तर दीड वर्षाने, कोंबडा बदलावा. दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या घरून तरणाताठा कोंबडा आणावा व आपला त्यांना द्यावा. आठ ते दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरेसा होतो.

जाणून निवड, नकळत निवड

१८६८ साली डार्विन यांनी पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांच्यावर दोन जाडजूड खंड काढले. कोंबड्यांवर त्यात एक पूर्ण प्रकरण आहे. त्यांचे मुख्य सांगणे असे की माणूस दोन प्रकारे जात घडवतो. एक, ठरवून. अमुक गुण हवा म्हणून त्या गुणाचीच नर-मादी ठेवतो. दुसरे, नकळत. जातीचा काही विचार नसतो, पण चांगले जनावर माणूस आपोआप सांभाळतो आणि वाईट विकतो किंवा कापतो. शेकडो वर्षांत त्यानेही जात सुधारते.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. आखाड आला की बाजारात वजनदार कोंबड्याला मागणी येते. नवसाला, पाहुण्याला, यात्रेला उमदा कोंबडा लागतो. अंगाने भरलेली तलंग व्यापारी दारावरून उचलून नेतो. मग परसात मागे काय राहते? जे कुणी घेतले नाही ते. बारीक कोंबडा, उशिरा अंड्यावर येणारी तलंग आणि वर्षात तीनदा खुडूक बसणारी कोंबडी. पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. डार्विन यांच्या हिशेबाने आपण दर वर्षी बियाण्याचे दाणे विकतो आणि पाखड पेरतो. गावठी कोंबडी कमी अंडी देते याचे एक कारण तिच्या रक्तात आहे, पण दुसरे कारण आपल्या विकण्यात आहे.

म्हणून आखाड लागण्यापूर्वीच एक चांगला कोंबडा व चार-पाच चांगल्या तलंगा वेगळ्या काढून त्यांच्या पायात रंगीत चिंधी किंवा कडे घालावे. ही बियाण्याची जनावरे समजावीत. कितीही भाव आला तरी ती विकू नयेत.

मग जात कोणती घ्यावी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, २१ दिवस रवणीवर बसते, मग दोन-अडीच महिने पिले हिंडवते. एवढा वेळ अंडी बंद. त्यामुळे वर्षाकाठी तिची साधारण ५० ते ६० अंडी होतात. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या घरात जाते. ती खुडूक बसत नाही, पण तिला रोज ११० ग्रॅमच्या आसपास तयार खाद्य आणि बंदिस्त घर लागते. परसात मोकळी सोडली तर घार, मुंगूस, रानमांजर तिला लवकर उचलतात. आणखी एक, तिथे कोंबडा ठेवत नाहीत, म्हणून दुकानातली पोल्ट्रीची अंडी रवणीला घालून पिले निघत नाहीत.

या दोहोंच्या मधल्या जाती परसासाठी तयार केलेल्या आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया ही अंड्यासाठी घडवलेली आहे. चांगली निगा असेल तर परसातही वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी मिळतात. तिथलीच वनराजा अंडी व मांस दोन्हींसाठी, साधारण शंभर-एकशेदहा अंडी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजही दुहेरी उपयोगाची, वजनाला चांगली. ऱ्होड आयलंड रेड तपकिरी अंड्यांची, शांत स्वभावाची. असील ही झुंजीची जात, अंडी थोडी, पण आई म्हणून उत्तम.

निवड घरच्या परिस्थितीवर करावी. ज्यांना बाजार लांब आहे, पिले पुन्हा आणणे जमत नाही आणि खाद्य विकत घ्यायचे नाही, त्यांनी गावठीच ठेवावी, मात्र वर सांगितल्याप्रमाणे बियाणे निवडून ठेवावे. ज्यांना घरच्या खाण्याला व थोडी विकायला अंडी हवीत आणि नागली, कणी, मक्याचा भरडा यांबरोबर थोडे खाद्य देता येते, त्यांनी ग्रामप्रिया किंवा तत्सम जात घ्यावी. पण तिची पिले घरी काढण्याच्या भानगडीत पडू नये. दीड-दोन वर्षांनी नवी तुकडी आणावी. तिसरा मार्ग मला आपल्या भागाला सर्वांत सोयीचा वाटतो. आठ सुधारित कोंबड्या अंड्यांसाठी आणि दोन गावठी कोंबड्या रवणीसाठी. सरकारी उबवणी केंद्रावर उबवणीची अंडी मिळाली तर ती गावठीच्या पोटाखाली घालावीत. खुडूकपणा हा तिचा दोष राहत नाही, ते तिचे काम होते.

कोणतीही जात घ्या, रोगाला ती माफ नसते. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, अशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देऊन घ्यावी. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा ठेवावा. ग्रामसेवक, सरपंच व बचत गटांच्या अध्यक्षांनीही एक लक्षात घ्यावे. योजनेतून पिले वाटायची असतील तर एक दिवसाच्या पिलांपेक्षा चार आठवडे वाढवलेली, लस झालेली पिले मागावीत आणि कोणती जात आहे हे लाभार्थ्याला कागदावर लिहून द्यावे. नाहीतर महिन्याने खुराडे रिकामे आणि नोंदवहीत मात्र योजना यशस्वी, असे व्हायचे.

शेवटचे पुस्तक गांडुळांवर

डार्विन यांचे शेवटचे पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले, ते गांडुळांवर. एक एकर जमिनीतली गांडुळे वर्षाला दहा टनांहून जास्त माती आपल्या पोटातून काढून वर आणतात असा हिशेब त्यांनी मांडला. सेंद्रिय शेतीची भाषा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. गावातल्याच दफनभूमीत पुरावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण देशाने त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मानाची जागा दिली.

एवढा मोठा माणूस, पण त्यांनी वापरलेले साधन प्रत्येक खेडुताजवळ आहे: नीट पाहणे, लिहून ठेवणे आणि धीर धरणे. घरातल्या पोराच्या जुन्या वहीत प्रत्येक कोंबडीचे एक पान करावे. कधी अंड्यावर आली, महिन्यात किती अंडी दिली, किती दिवस खुडूक होती, किती पिले जगवली, एवढेच लिहावे. वर्षभरात कोणती ठेवायची व कोणती विकायची हे वहीच सांगेल. येत्या आखाडाच्या आत बियाण्याचा कोंबडा आणि तलंगा निवडून घ्याव्यात. लस व पिले यांच्या चौकशीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाशी संपर्क साधावा.